वीतभर बर्फ

आमच्या गावात बर्फ मोजायला फूटपट्टी लागत नाही, दादाचा हात लागतो. तळ्याच्या बर्फाला गिरमिटाने भोक पाडायचं, वाकडी सळई आत घालून खालची कड चाचपायची, सळईवर नख टेकवून ती बाहेर काढायची आणि हाताला लावून बघायची. दोन बोटं भरला तर कुत्र्यालासुद्धा तळ्यावर सोडायचं नाही. चार बोटं भरला तर दादा एकटा जाणार, तोही कमरेला दोर बांधून. वीतभर भरला की मगच खांबावर हिरवा झेंडा चढायचा, आणि झेंडा चढला की अख्खं गाव आणि गावात आलेले पाहुणे तळ्यावर उतरायचे. माझ्या थोरल्या भावाने उभा जन्म हेच काम केलं. सगळे त्याला बर्फमास्तर म्हणतात. त्याचं खरं नाव आता बहुतेक पोस्टमनलासुद्धा आठवत नसेल.

मी त्याची धाकटी बहीण. तळ्याच्या काठावर हिरव्या दाराचं लाकडी खोपटं आहे ना, ते माझं. तिथे मी स्केट्स भाड्याने देते. म्हणजे द्यायचे. लग्न मी केलं नाही, का ते विचारू नका. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत बापडे! दादा तोंडात गुळणी धरून बसणार, त्याच्या वाटणीचं बोलणंही मीच बोलणार, मग तिखट नाही होणार तर काय?

गाव आमचं जुनं आहे. भोवती दगडी कोट, एक मोठा दरवाजा, मधोमध घड्याळाचा मनोरा, आणि एवढ्या अरुंद गल्ल्या की समोरून जाडा माणूस आला तर आपण दारात शिरायचं. उन्हाळ्यात पाहुणे येतात, दगड बघतात, दगडापुढे उभे राहून फोटो काढतात आणि संध्याकाळच्या बसने जातात. हिवाळ्याची गोष्टच वेगळी होती. हिवाळ्यात लोक मुक्कामाला यायचे, ते आमच्या तळ्यासाठी. माझ्या खोपट्यात पाय ठेवायला जागा नसायची. ओल्या मोज्यांचा वास, शेगडीचा धूर, पोरांची रडारड, कुणाचा अंगठा दुखतोय, कुणाची नाडी तुटलीय. मी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे आणि रात्री अंथरुणावर पडले की सुख वाटायचं. आता त्या खोपट्यात एवढी शांतता असते की फळीवरून उंदीर गेला तर त्याची पावलं ऐकू येतात. मला ती गर्दी हवी आहे. वयाला शोभत नसेल, पण हवी आहे.

दादाला मात्र गर्दीबिर्दी काही नको होती. त्याला हवी होती ती भिंगरी.

भिंगरी म्हणजे दादाची एकुलती एक लेक. वहिनी लवकर गेली, पोरीला वाढवलं मी आणि दादाने. चालायला लागली तशी दादाने स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि सरळ तळ्यावर नेली. "अरे, बसायचं कशावर?" म्हणून मी मागून ओरडतेय, पण ऐकतो कोण! बर्फावर खुर्ची ठेवायची, पोराने तिची पाठ धरायची आणि ढकलत ढकलत घसरायला शिकायचं. आमच्या गावची सगळी पोरं अशीच शिकली. भिंगरीने आठवड्याभरात खुर्ची सोडली आणि स्वतःभोवती अशी गरगर फिरायला लागली की तिचं भिंगरी हेच नाव पडलं. त्या खुर्चीचे पाय खालून झिजलेत. आजही तिच्यावर बसलं की माणूस डुगडुगतो, पण दादा ती टाकू देत नाही.

आणि एक गंमत सांगते. घरात दादाच्या तोंडातून चकार शब्द निघायचा नाही. वाढलं ते खाल्लं, विचारलं तर मान हलवली. पण बर्फावर गेला की त्याची जीभ सुटायची. लेकीबरोबर शेजारी शेजारी घसरत जायचा आणि हातवारे करून बोलत सुटायचा. काय बोलायचे देव जाणे. मी काठावरून बघायचे, तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला दोन ठिपके, आणि त्यातला मोठा ठिपका हसतोय. काठाला आला, स्केट्स काढल्या, की पुन्हा तोंडाला कुलूप. बापलेकीचं जे काही होतं ते सगळं त्या बर्फावर होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

भिंगरी मोठी झाली, शिकली, लांब समुद्राकाठच्या शहरात नोकरीला लागली. तिथे म्हणे बारा महिने घाम. तिथलाच नवरा केला. चांगला आहे, बोलका आहे, मला आवडतो. पण दर हिवाळ्याला ती यायचीच. झेंडा चढवला की दादा तिला फोन करायचा आणि एकच शब्द बोलायचा, "वीतभर." तिकडून ती किंचाळायची आणि आगगाडीत बसायची. एवढंच. कसं आहे, बरं आहे, ये, वाट बघतोय, असलं काही नाही. मी म्हणायचे, अरे तार करतोयस की फोन? पण त्यांचं चालायचं त्याच्यावर, मी कोण मध्ये बोलणार?

मग हिवाळे नरमले. आधी तळं उशिरा गोठायला लागलं, मग लवकर सुटायला लागलं, मग एका वर्षी मधोमध गोठलंच नाही. दादा रोज सकाळी गिरमिट खांद्यावर टाकून जायचा आणि तसाच परत यायचा. त्याच सुमारास भिंगरी शेवटची आली होती. पोर अंगावर पिणारी होती, आजोबांना दाखवायला आणली होती. बर्फ नव्हता, पण ती आली होती हो! आणि आमच्या दादाने काय करावं? मुक्कामभर तळ्याच्या काठाला खांबासारखा उभा. पाण्याकडे बघत. नातीला एकदा मांडीवर घेतली, परत दिली. लेकीशी बोलायला तोंड उघडेना. त्याला लाज वाटत होती, हे मी बहीण म्हणून सांगते. घरात पाहुणे यावेत आणि डबे रिकामे असावेत, तशी लाज. पण लेकीला ते कसं कळणार? जाताना बसच्या पायरीवर उभी राहून ती म्हणाली, "बाबा, पुढच्या खेपेला तळं गोठलं की सांगा. तेव्हा येते."

दादाने ते शब्दाला शब्द धरलं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात, थंडी जेवढी पडायची तेवढी पडून गेली की दादा तिला फोन करतो. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर लावतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. सगळं म्हणजे काय, "दोन बोटं," हा म्हणतो. "बरं," ती म्हणते. "तब्येत?" "ठीक." संपलं. एका वर्षी "चार बोटं" होतं, तेव्हा दादाचा आवाज थोडा चढला होता. तिकडून "बरं"च आलं. फोन ठेवून दादा परसात गेला आणि लाकडं फोडत बसला. लाकडं आधीच फोडलेली होती.

आणि दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी हा माझ्या खोपट्यात येतो. भिंगरीच्या जुन्या स्केट्स उतरवतो, दगडावर धार लावतो, तेलाचं बोट फिरवतो. मग लहान मुलांच्या फळीवरून एक जोड निवडतो, त्यात लाल नाड्या ओवतो आणि खिळ्याला बाजूला टांगून ठेवतो. तो नातीचा. गेल्या वर्षीच्यापेक्षा एक माप मोठा. तिच्या पायाचं माप त्याला कुणी सांगितलेलं नाही, त्याने विचारलेलं नाही. आपल्या मनानेच पोर वाढवतोय. हिवाळा संपला की नाड्या काढून जोड परत फळीवर. मी बघते आणि दुसरीकडे तोंड फिरवते, कारण काही बोलले तर रडू येईल आणि मला रडलेलं चालत नाही.

तळं गेलं तसे हिवाळी पाहुणेही गेले. मग नगरपालिकेत पर्यटनवाल्या बाई आल्या. वयाने लहान, पायाला चाकं लावल्यासारख्या धावणाऱ्या. गावाने आधी नाकं मुरडली, मीही मुरडलं, पण बाई हुशार निघाल्या आणि मनाने सरळ. त्यांनी हिवाळ्याची नवी मांडणी केली. संध्याकाळी कोटावरून कंदील घेऊन फेरी. मनोऱ्यावर चढून गावची धुराडी बघायची. वस्तुसंग्रहालयातल्या मोठ्या शेगडीपाशी बसून जुन्या गोष्टी ऐकायच्या. घोडागाडीत पायावर घोंगडी घेऊन चक्कर. सकाळी बेकरीत मुलांना पीठ मळायला द्यायचं. चौकात गरम सूप. आणि त्याच चौकात प्लास्टिकच्या पांढऱ्या फळ्या जोडून केलेलं खोटं तळं, वर स्केट्स घालून घसरायला. हे सगळं त्यांनी बसथांब्यापाशी मोठ्या फलकावर रंगवून लावलं. लोक यायला लागले, खोटं कशाला बोलू? पहिल्यासारखे नाही, पण यायला लागले.

त्या प्लास्टिकच्या तळ्याचं नाव काढलं की दादाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चौकातून जायचं टाळायला तो मागच्या गल्लीतून वळसा घालायचा, मग पिशवीत कितीही ओझं असो. "त्याच्यावर घसरायला स्केट्स कशाला," एकदा म्हणाला, "केळ्याचं साल पुरे." त्या महिन्यातलं ते त्याचं सगळ्यात लांब वाक्य.

बाईंनी मात्र त्याला सोडलं नाही. "मास्तर, कोट तुमच्यासारखा कुणाला पाठ आहे? कंदिलाची फेरी तुम्हीच न्यायची," म्हणाल्या आणि जुन्या पहारेकऱ्याचा वेष हातात ठेवला. लांबलचक काळा झगा, पीस लावलेली टोपी, पितळी कंदील. दादाने तो घालून आरशात बघितलं तेव्हा मी हसून हसून जमिनीवर बसले. तो नाही हसला. पण नाहीही म्हणाला नाही, कारण हिवाळ्यात घरात बसून करायचं काय? मी एकदा त्याच्या फेरीला मुद्दाम गेले होते. "इथे तोफ होती," दादा पाहुण्यांना सांगत होता. "आता नाही. पुढे चला." झालं! पाहुण्यांना ते इतकं आवडलं की हा माणूस मुद्दाम असा बोलतो, विनोदी आहे, अशी त्याची ख्याती झाली.

यंदा तर सगळ्यावर कडी झाली. वीतभर बर्फ राहू द्या, पाणी गोठायचं नावच घेईना. हिवाळा भिजक्या पोत्यासारखा येऊन पडला. रोज धुकं, रोज रिमझिम, तळ्यावर बदकं पोहतायत. दादाचा फोन करायचा दिवस आला आणि गेला. तो फोन हातात घ्यायचा, खाली ठेवायचा. काय सांगणार होता? दोन बोटंही नाहीत, एक बोटही नाही, बदकं आहेत. मी विचारलं, "करतोस ना?" तर म्हणाला, "थंडी पडेल अजून." कुठली पडतेय! माणूस आतून झुरत होता आणि मी नुसती बघत होते.

त्या दिवशी संध्याकाळी तो झगा चढवून कोटावर गेला. झग्याला खिसा नाही, म्हणून मोबाइल माझ्या खोपट्यातच राहिला. मी शेगडीपाशी बसून कुणी न वापरलेल्या स्केट्सच्या नाड्या धुऊन वाळत घालत होते. फोन वाजला. उचलला तर पलीकडून पोरीचा आवाज, अगदी दबका. "आजोबा?"

"आजोबा बाहेर गेलेत. मी आत्याआजी. कोण, आमची छोटी का?"

"हो. आई आंघोळीला गेलीय, म्हणून मी फोन केला. आजोबा फोन कधी करणार आहेत?"

"का गं बाळा?"

"ती बॅग रस्त्यात आहे," नात म्हणाली. "मी रोज अडखळते तिला. काल गुडघा लागला."

मला काही उमजेना. "कुठली बॅग?"

"मोठी. थंडी आली की आई ती कपाटावरून काढते. मग आजोबांचा फोन येतो, येऊ नका म्हणून. मग आई ती परत वर ठेवते. या वर्षी फोनच आला नाही, म्हणून ती दारातच आहे."

"असं कोण म्हणालं तुला? आजोबा येऊ नका म्हणतात, असं?"

"आई म्हणते. आजोबांना आपण तळं गोठल्यावरच आवडतो, असं आई बाबांना सांगत होती." मग घाईघाईने, "आई आली, ठेवते," आणि फोन बंद.

हातातली नाडी शेगडीत पडली आणि जळून गेली, मला पत्ताही नाही. दर वर्षी! दर वर्षी ही पोर तिकडे बॅग उतरवून बसते, आणि दर वर्षी हा ठोंब्या इकडून "दोन बोटं" म्हणून तिच्या तोंडावर दार आपटतो. आणि इकडे स्वतः लाल नाड्या ओवत बसतो! दोघंही एकमेकांसाठी जीव टाकतायत आणि दोघांच्या मध्ये एक न गोठलेलं तळं. दुःख नंतर झालं, आधी असा संताप आला की मी शालसुद्धा न घेता निघाले.

कोटाच्या पायऱ्या चढताना गुडघ्यांनी मला सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या. वर पोचले तेव्हा दादा बुरुजापाशी होता, भोवती पाहुण्यांचा घोळका, प्रत्येकाच्या हातात कंदील. "इथून शत्रू दिसायचा," तो सांगत होता. "आता बसथांबा दिसतो. पुढे—"

"दादा!" मी अशी ओरडले की मनोऱ्यावरची कबुतरं उडाली. "तुझी लेक दर हिवाळ्यात बॅग काढून दारात ठेवते! आणि तुझा फोन आला की परत कपाटावर चढवते! कळतंय का तुला काही?"

दादा माझ्याकडे वळला. टोपीचं पीस वाऱ्याने हलत होतं. "ती म्हणाली होती, तळं गोठलं की सांगा," तो हळूच म्हणाला.

"अरे, तू मुक्कामभर पाण्याकडे बघत उभा! पोरगी तान्हं पोर घेऊन आलेली, तिला धड कशी आहेस विचारलं नाहीस! मग तिने दुसरं काय म्हणायचं होतं?"

"बर्फ नाही," दादा म्हणाला, "तर तिला इथे काय आहे?"

"आणि तिला वाटतं, बर्फ नाही तर तुला ती नको!"

दादाने कंदील खाली कठड्यावर ठेवला. आणि तेवढ्यात, काय सांगू तुम्हाला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं हा फेरीतलाच खेळ. एक बाई तर डोळे पुसत मला म्हणाल्या, "किती खरं करता हो तुम्ही! उद्यापण असतं का?" मी काय बोलणार, कपाळावर हात मारला.

दुसरा कुणी असता तर सगळं तिथेच टाकून पळाला असता. दादा नाही पळाला. पायऱ्या ओल्या होत्या, अंधार पडत होता, आणि आपल्या हवाली केलेली माणसं सुखरूप काठाला लावल्याशिवाय त्याने कधी पाठ फिरवलेली नाही. त्याने पुन्हा कंदील उचलला, सगळ्यांत खालच्या पायरीवर जाऊन उभा राहिला आणि एकेकाला हात देऊन उतरवून घेतलं. शेवटी मला. माझा हात त्याने जरा जास्त वेळ धरला. मग आम्ही दोघं खोपट्यात आलो, तो तसाच झग्यात, टोपीत.

"लाव," म्हणाला.

मी फोन लावून फळीवर ठेवला, स्पीकर चालू केला, आणि हाताची घडी घालून मागे सरकले. इतकी वर्षं त्याच्या वाटणीचं मी बोलले. आता एक शब्द बोलणार नव्हते, जीव गेला तरी.

"बाबा?" भिंगरीचा आवाज आला.

दादा फोनवर वाकला. "बर्फ नाही," म्हणाला. "यंदा बोटभरही नाही."

ती म्हणाली, "बरं."

इतकी वर्षं मी ते "बरं" ऐकत आले होते, पण ऐकलं आज पहिल्यांदा. ज्या माणसाला काहीही बरं वाटत नाहीये ना, त्या माणसाचं ते "बरं" होतं. पुढे "तब्येत?" येणार, "ठीक" जाणार आणि बॅग कपाटावर चढणार. दादाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"पण," दादा म्हणाला.

"पण काय, बाबा?"

दादा ताठ उभा राहिला. टोपी सरळ केली. आणि त्याच्या तोंडून तो कोटावरचा आवाज बाहेर पडला, पाहुण्यांसाठीचा. "पण हिवाळ्यात आमच्या गावात पाहण्यासारखं आणि करण्यासारखं पुष्कळ आहे." हे बसथांब्याच्या फलकावरचं पहिलं वाक्य! मला हसू फुटलं आणि तिथल्या तिथे विरलं, कारण त्याचा चेहरा बघवत नव्हता. "संध्याकाळी कोटावरून कंदील घेऊन फेरी असते. मीच नेतो. मनोऱ्यावर चढता येतं. पायऱ्या अरुंद आहेत, पण वरून सगळ्या घरांचा धूर दिसतो. वस्तुसंग्रहालयात शेगडीपाशी बसून गोष्टी सांगतात. घोडागाडी आहे, पायावर घ्यायला घोंगडी देतात. सकाळी बेकरीत मुलांना पीठ मळू देतात. चौकात गरम सूप असतं. सूप चांगलं असतं." त्या सुपाचा थेंबसुद्धा त्याने कधी तोंडाला लावलेला नाही. "चौकात प्लास्टिकचं तळं आहे." इथे तो अडकला. "तेही चांगलं आहे."

फलक संपला. दादा मात्र थांबला नाही. तळ्यावर नसताना, पायांत स्केट्स नसताना, आयुष्यात पहिल्यांदा पुढे बोलत राहिला.

"आणि तुझी खोली आहे. शेगडी पेटवतो मी तिथली. रोज."

"रोज?" भिंगरी म्हणाली.

"हिवाळाभर. ओल धरू नये म्हणून." मग न विचारता, "आणि मी असतो. फेरी सोडली तर मोकळाच असतो."

मागे सरकलेली मी पुन्हा फोनच्या जवळ आले.

"छोटीला घोड्याची भीती वाटते," भिंगरी म्हणाली. आवाज भिजलेला होता.

"मग घोडा नको," दादा लगेच म्हणाला. "चालत जाऊ."

"आणि तिच्याकडे स्वेटर नाहीये, बाबा. इकडे लागतच नाही."

"मी विणते!" मी ओरडले. राहवलं नाही हो, जीव गेला तरी बोलणार नव्हते, पण स्वेटर म्हटल्यावर काय करणार?

"आत्या, तू पण आहेस तिथे?"

"मी कुठे जाणार मेली!" म्हटलं, आणि मग आम्ही दोघी मिळून रडायला लागलो. दादा मध्ये टोपी हातात घेऊन उभा. तेवढ्यात मागून नातीचा आवाज आला. "आई, मग बॅगेचं काय करू?"

"भर," भिंगरी म्हणाली.

फोन बंद झाल्यावर दादाने झगा उतरवून त्याची नीट घडी घातली. मग खिळ्यावरचा लाल नाड्यांचा जोड काढला, शेगडीच्या उजेडात नेऊन त्याच्या पात्यावर अंगठा फिरवत राहिला. बाहेर तळ्यावर पाऊस पडत होता. त्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"ती स्वयंपाकघरातली खुर्ची," म्हणाला, "प्लास्टिकवर सरकेल का?"

"सरकेल की. न सरकायला काय झालं?"

"आणि आपल्या स्केट्स?"

"चालतात," मी नाक पुसत म्हटलं. "पण प्लास्टिकवर धार लगेच जाते म्हणे."

"जाऊ दे," दादा म्हणाला. "मी आहे ना लावायला."